सागवानी पट्टीवरची वीज

1882 साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ते लावणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि बाजार पुन्हा जुन्या उजेडाकडे वळला. शहराला विजेचा कायमचा पुरवठा मिळायला आणखी वीसेक वर्षे गेली. 1905 मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, वाडीबंदरला तिचे वीजघर उभे राहिले आणि 1907 च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. 1915 मध्ये खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. पुढच्या काही दशकांत बंगले, भाड्याच्या इमारती, चाळी आणि पेठांतले वाडे यांच्या भिंतींवर तारा चढल्या. त्यांतल्या कित्येक अर्धशतकाहून अधिक काळ चालल्या. ‘जुने वायरिंग मजबूत’ हे वाक्य अजूनही ऐकू येते. ते कितपत खरे आहे हे पाहायचे, तर त्या वायरिंगमध्ये काय होते आणि ते कोणत्या हातांनी बसवले, हे सुटे करून पाहावे लागते.

क्रॉफर्ड मार्केटात दिवे लागले त्याच वर्षी लंडनमधल्या तारायंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी पहिली नियमावली काढली. हिंदुस्थानातले वायरिंग याच परंपरेत घडले. इथे आलेली तार ‘व्हीआयआर’ या नावाने ओळखली जाई. आत तांब्याचे तंतू, त्यांवर गंधक घालून पक्के केलेल्या रबराचे वेष्टन, त्यावर सुती फीत आणि सगळ्यांत बाहेर मेणात भिजवलेल्या सुताची वीण. गंधकामुळे रबराला ताकद येते, पण तेच गंधक तांब्याला खाते. म्हणून तांब्यावर आधी कथिलाचा पातळ मुलामा देत. जुन्या तारेचे टोक सोलल्यावर आतला धातू चंदेरी दिसतो तो यामुळे.

सुती वेष्टनाची ही तार उघडी ठेवण्याजोगी नव्हती. तिच्यासाठी लाकडी केसिंग-कॅपिंग वापरत. केसिंग म्हणजे खाचा पाडलेली सागवानी पट्टी आणि कॅपिंग म्हणजे तिच्यावरचे झाकण. एका खाचेत जिवंत तार, दुसरीत परतीची. दोन्ही एका खाचेत घालायच्या नाहीत, हा नियम. झाकणाचे स्क्रू दोन खाचांमधल्या अरुंद कण्यातच बसायला हवेत. स्क्रू दोन सूत जरी सरकला, तरी तो थेट तारेत घुसे. लाकूड आतून-बाहेरून लाखेच्या रोगणाने माखलेले असे, कारण ओल आणि वाळवी हे या पद्धतीचे दोन वैरी होते. कोकणात आणि मुंबईत पावसाळा चार महिने भिंती भिजवतो, त्यामुळे रोगणात केलेली कंजुषी फार दिवस लपून राहत नसे.

पुढे रबराचेच चिवट बाह्य आवरण असलेली तार आली. ‘सीटीएस’ आणि ‘टीआरएस’ ही तिची नावे. तिला खाचेची गरज नव्हती. ती सरळ सागवानी पट्टीवर बसवता येई. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांच्या आठवणीत जे वायरिंग आहे ते बहुधा हेच: भिंतीवरून सरळ धावणारी अरुंद पट्टी, तिच्यावर शेजारी शेजारी निजलेल्या काळ्या तारा आणि ठरावीक अंतरावर चमकणाऱ्या धातूच्या क्लिपा.

या कामाची कारागिरी नीट समजून घेण्याजोगी आहे. वायरमन अर्धा सुतार असावा लागे. पहिले काम आखणीचे. ओळंबा सोडून उभी रेघ घ्यायची, रंगात बुडवलेले सूत ताणून भिंतीवर मारायचे आणि त्या रेघेवर गुट्ट्यांच्या जागा ठरवायच्या. गुट्टी म्हणजे भिंतीत बसवायचा सागाचा ठोकळा. तिची आतली बाजू रुंद आणि तोंड अरुंद ठेवत. खाच खोदून ती सिमेंटमध्ये पक्की केली, की पट्टी कितीही ओढली तरी गुट्टी बाहेर येत नसे. सरळ कापलेली गुट्टी मात्र लाकूड सुकले की सैल पडे. वाड्यांत हे कष्ट कमी होते. खांब, तुळया आणि तक्तपोशी लाकडाचीच असल्यामुळे स्क्रू थेट त्यांत बसत.

पट्टी भिंतीवर चढवण्याआधी खाली ठेवून तिच्यावर क्लिपा ठोकत. आडव्या पट्टीवर दर 10 सेंटिमीटरला एक क्लिप आणि उभ्या पट्टीवर दर 15 सेंटिमीटरला एक, हे माप पुढे भारतीय मानकातही आले. आडव्या तारेला स्वतःच्या वजनाने झोळ पडतो, म्हणून तिथे क्लिपा जवळ जवळ. तार ओढून सरळ करायची, क्लिपेचे शेपूट भोकातून ओवायचे आणि उलटे दुमडून हलक्या हाताने ठोकायचे. जोर जास्त झाला की आवरण कापले जाई. वळणावर तार काटकोनात मोडायची नाही, गोलाई द्यायची. दोन पट्ट्या कोपऱ्यात मिळतात तिथे दोन्ही टोके तिरकी कापून फट न ठेवता जुळवायची.

यातले पुष्कळसे केवळ देखणेपणासाठी केले जाई असे वाटू शकते. पण उघड्या वायरिंगमध्ये दिसणे आणि टिकणे यांच्यात फारसे अंतर नव्हते. तारेला झोळ आहे म्हणजे क्लिप सुटली आहे. पट्टी वाकडी आहे म्हणजे गुट्टी ढिली आहे. घरमालकाला विजेतले काही कळत नसले, तरी रेघ सरळ आहे की नाही हे कळत होते. काम कायम डोळ्यांसमोर राहणार, हे वायरमनलाही ठाऊक होते. जुन्या कामाच्या दर्जाचे श्रेय तांब्याच्या जाडीला दिले जाते. त्याहून मोठे श्रेय या उघडेपणाला द्यायला हवे.

दुसरे श्रेय ‘लूपिंग’ पद्धतीचे. चांगला वायरमन तार मध्येच तोडून जोड देत नसे. तार एका बटणापर्यंत किंवा सिलिंग रोजपर्यंत नेऊन तिथल्याच पितळी टर्मिनलमधून पुढे काढत असे. त्यामुळे प्रत्येक जोड स्क्रूखाली असे आणि झाकण उघडताच दिसे. घरातल्या विजेचे बहुतेक बिघाड जोडांत होतात. सैल जोड तापतो, तापल्याने आणखी सैल होतो. तार मोठी लागली, खर्च वाढला, तरी जोड हाताच्या टप्प्यात ठेवण्याचा हा आग्रह फार मोलाचा होता.

बटणांचाही विचार असाच झालेला होता. न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्सने 1884 मध्ये स्प्रिंगच्या जोराने झटक्यात प्रवाह तोडणारा स्विच काढला. बोट कितीही सावकाश फिरले तरी आतले टोक पटकन सुटते, त्यामुळे ठिणगी फार काळ टिकत नाही आणि धातू जळत नाही. पितळी टोपीची, चिनीमातीच्या बैठकीची गोल बटणे आणि नंतरची काळी बेकलाइटची बटणे याच तत्त्वावर चालत. ‘खट्ट’ असा त्यांचा जो ठसठशीत आवाज जुन्या घरांत येई, तो त्या स्प्रिंगचा.

काम झाले की मेगर हे रोध मोजणारे यंत्र लावून तारांचे आवरण तपासत. 50 ला एकूण पॉइंटांच्या संख्येने भागायचे. येईल तितके मेगओहम तरी रोध मिळाला पाहिजे. दहा पॉइंट असतील तर किमान 5. पॉइंट वाढले की गळतीच्या वाटाही वाढतात, हे त्या साध्या भागाकारात धरलेले आहे.

आता दुसरी बाजू. तांबे म्हातारे होत नाही, रबर होते. हवेतला प्राणवायू आणि उष्णता यांनी ते कडक होते, मग तडकते. दिव्याच्या होल्डरजवळची आणि छतालगतची तार सगळ्यांत आधी जाते, कारण उष्णता वर साठते. हे रबर जागच्या जागी असेपर्यंत काम देत राहते. ठिसूळ झालेले वेष्टन पट्टीवर शांत पडलेले असते, दिवा लागत असतो आणि घरच्यांना वायरिंग उत्तम वाटते. मग कोणी पंखा बदलायला तार थोडी वाकवतो आणि वेष्टनाचे तुकडे हातात येतात. ‘हात लावेपर्यंत चांगले होते’ ही तक्रार अगदी खरी असते. इतकी वर्षे कोणी हात लावला नाही, म्हणूनच ते चालले होते. त्यामुळे साठ-सत्तर वर्षे न बदललेल्या रबरी तारेला टिकाऊ म्हणणे धोक्याचे आहे.

शिवाय ती योजना वेगळ्या घरासाठी होती. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापर्यंत पॉइंट आणि फार तर 800 वॅट, असा हिशेब असे. त्यात गिझर, इस्त्री, मिक्सर कोणी धरलेले नव्हते. दोन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग नसे. भार वाढला की ‘किटकॅट’ या चिनीमातीच्या फ्यूजधारकातली तार वितळे, आणि वितळायलाच हवी होती. पण रोजच्या त्रासाला कंटाळून तिथे तांब्याचा जाड तुकडा गुंडाळण्याची सवय घरोघर लागली. त्या तुकड्याने फ्यूज वाचला आणि भिंतीवरची तार तापू लागली.

1960च्या दशकात तांब्याच्या टंचाईमुळे घरांत ॲल्युमिनियमची तार शिरली. ती स्वस्त होती, पण दोनदा वाकवली की तुटे, तिच्या पृष्ठभागावर वीज अडवणारा थर जमे, आणि स्क्रूखाली दबून ती हळूहळू चपटी होई. तांब्यासाठी बनवलेल्या टर्मिनलांत ती सैल पडू लागली. वायरिंग बिघडल्याची बदनामी झाली ती बरीचशी या काळातल्या कामांची. दरम्यान रबराची जागा पीव्हीसीने घेतली. 1958 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या फिनोलेक्ससारख्या कारखान्यांच्या तारा गावोगाव पोचल्या. पीव्हीसी रबरासारखे ठिसूळ होऊन गळत नाही, सुतासारखे ओल धरत नाही. निव्वळ तारेपुरते बोलायचे, तर नवी तार जुनीपेक्षा सरस आहे यात शंका नाही.

भिंतीच्या पोटातल्या पाइपातून तारा नेण्याची पद्धत रुळली तशी पट्टी, गुट्टी आणि क्लिपा मागे पडल्या. गिलावा झाला की आतले वळण, आतला जोड कोणालाच दिसत नाही, आणि सुताराचे अर्धे कौशल्य या धंद्यातून गेले. भाषा मात्र राहिली. मेट्रिक मापे येऊन दशके लोटली तरी वायरमन दुकानात ‘एक-अठरा’, ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ मागतो: पहिला आकडा तंतूंचा, दुसरा ब्रिटिश गेजचा. दुकानांत आणि कचेऱ्यांत भिंतीवर बसवतात ती प्लॅस्टिकची पट्टी झाकणासह मिळते आणि तिला आजही केसिंग-कॅपिंगच म्हणतात. जुन्या चाळींत नव्या तारा ओढताना सागाची मूळ पट्टी बऱ्याचदा तशीच ठेवतात. गुट्ट्या हललेल्या नसतात. क्लिपा उघडून मेलेली रबरी तार काढायची आणि त्याच रेघेवर नवी बसवायची, एवढेच काम उरते.