चाळीस मीटरात काय काय मावतं?

बर दुबईच्या कापडबाजारातून खाडीकडे चाला. तारीख २ डिसेंबर १९७१. अल फहिदी किल्ल्यातलं संग्रहालय याच वर्षी सुरू झालंय. खिशात कतार-दुबई रियाल आहेत, पण दुकानदार भाव सांगताना चुकून रुपये म्हणतो. इथून रुपया जाऊन पाचच वर्षं झालीत. तिकडे जुमेराला आज सहा अमिराती एक झाल्या, नवा झेंडा चढला. खाडीवरच्या गलबतवाल्यांच्या तोंडी मात्र परवाची गोष्ट आहे, इराणी आरमाराने तुंब बेटं घेतल्याची. उद्या संध्याकाळी याच दुकानांतल्या ट्रान्झिस्टरवर भारत-पाकिस्तान युद्धाची बातमी येईल. तिच्यासाठी थांबू नका. दोन रात्री पुढे, कराचीच्या दक्षिणेला या.

४ डिसेंबर, रात्रीचे साडेदहा. तुम्ही आयएनएस निर्घातच्या डेकवर उभे आहात आणि तळपायांना मुंग्या आल्यात. खाली तीन डिझेल इंजिनं धडधडताहेत. एकेकाला बेचाळीस सिलिंडर, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले. शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. दोन्ही अंगांना दोन-दोन पोलादी पेटारे, प्रत्येकात दोन टनांहून जड क्षेपणास्त्र, पल्ला सुमारे ४० किलोमीटर. एवढा ऐवज वाहणारी ही बोट लांबीला पुरती चाळीस मीटरही नाही. वायरलेसवर आपलीच माणसं रशियन बोलताहेत. ट्रेनिंगला व्लादिवोस्तोकला होती ना, आता शत्रूच्या कानांना चकवायला तेच कामी येतंय.

रशियाने ही बोट बांधली ती किनाऱ्याच्या राखणीसाठी. ती थेट शत्रूच्या बंदरावर न्यायची, हे डोकं आपल्या नौदलाचं. आणि त्याला निमित्त झालं आपलं दारिद्र्य! एवढं धूड उचलणारी क्रेन मुंबईत नव्हती, म्हणून बोटी कोलकात्याला उतरवून तिथून ओढत मुंबईला आणाव्या लागल्या. हिंदुस्थानाला वळसा घालून ओढता येतात, तर कराचीच्या दिशेने का नाही?

पेटाऱ्याचं दार उघडतं. डोळे मिटा, नाहीतर पुढची काही मिनिटं काही दिसायचं नाही. पहिलं क्षेपणास्त्र पाकिस्तानी विनाशिका खैबरला लागतं. तिच्यावरच्या लोकांना वाटतं, विमानाचा हल्ला आहे. दुसरं लागतं आणि खैबर बुडते. इकडे निर्घातच्या जोडीच्या निपात आणि वीर या बोटीही आपापली सावजं धरताहेत.

आता तुमच्या पायाखाली पाणबुडी आहे असं धरा. कळणार कसं? बोटीवर सोनार नाही, आणि असता तरी या कल्लोळात त्याला काय ऐकू येणार? पाणबुडी शोधायची तर हळू आणि गप्प चालावं लागतं, क्षेपणास्त्र टाकून निसटायचं तर इंजिनं पिळून काढावी लागतात. म्हणून पथकप्रमुख बबरूभान यादवांच्या या तीन बोटींबरोबर किलतान आणि कच्छल ही दोन जहाजं आहेत. त्यांच्यावर सोनार आहे, पाणबुडीविरोधी रॉकेटं आहेत, क्षेपणास्त्रं नाहीत. पाच जणांचं मिळून एक पुरं जहाज झालंय, असं म्हणा.

पाच रात्रींनी दीवजवळ या. आयएनएस खुकरी खास पाणबुड्या मारायलाच बांधलेली, पण तिच्या मॉर्टरचा पल्ला जेमतेम ९०० मीटर. सोनार जास्त लांबचं टिपेल का, याचा प्रयोग जहाजावर चालू आहे आणि त्यापायी वेग कमी ठेवलाय. पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने तिला आधी ऐकलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून उतरले नाहीत. ४ डिसेंबरला आपण नौदल दिन साजरा करतो. त्या दिवशी कराचीच्या जोडीने खुकरीही सांगायला हवी, नाहीतर गोष्ट अर्धीच राहते.

एप्रिल १९८८. परत दुबई. पोर्ट रशीदच्या बाजूला सुकी गोदी आहे. १४ तारखेला इराणी सुरुंगाने कणा मोडलेली अमेरिकी फ्रिगेट सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ओढत दुबईला आणलीय. १८ तारखेला अमेरिका त्याचा सूड घेते. इराणची जोशन, फ्रान्समध्ये बांधलेली क्षेपणास्त्र नौका, भरदिवसा एकटी तीन युद्धनौकांसमोर येते, हार्पून सोडते, नेम चुकतो, आणि बुडते. निर्घात रात्री गेली होती आणि सोबत घेऊन गेली होती. क्षेपणास्त्र बसवलं की छोटी बोट मोठी होते, हा समज जोशनला महागात पडला.

किलतान ज्या वर्गातली होती, त्याचं नाव अर्नाळा; वसईजवळच्या जलदुर्गावरून ठेवलेलं. त्याच नावाची नवी युद्धनौका १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ७७ मीटर, अंगावर पाणबुडीविरोधी रॉकेटं आणि हलके टॉर्पेडो. जहाजं बुडवणारं क्षेपणास्त्र तिच्यावर बसवलेलं नाही.