मुक्काम पोस्ट डीसीआयएम

कोणताही स्मार्टफोन केबलने संगणकाला जोडा. सॅमसंगचा असो, शाओमीचा असो, ॲपलचा असो, त्याच्या पोटात डोकावलं की एक नाव हमखास भेटतं: डीसीआयएम. चार्जरच्या पिनपासून बॅटरीच्या स्क्रूपर्यंत ज्या कंपन्यांचं वर्षानुवर्षं एकमेकींशी पटलं नाही, त्या सगळ्या आपल्या ग्राहकाचे फोटो एकाच नावाच्या फोल्डरात ठेवतात. हे नाव फोनवाल्यांनी दिलेलं नाही. ते फोनपेक्षा जुनं आहे, कॅमेऱ्याच्या घराण्यातून आलेलं आहे, आणि ‘डिजिटल कॅमेरा इमेजेस’ एवढाच त्याचा साधा अर्थ आहे. फोनमधले फोटो संगणकावर सहज उतरतात याचं श्रेय आपण केबलला देतो, तिच्या वेगाला देतो, फार तर एखाद्या ॲपला देतो. माझ्या मते त्या श्रेयाचा सर्वांत मोठा वाटा या नावाचा आहे. स्पर्धक कंपन्यांनी एकत्र बसून फोटोचा पत्ता ठरवला, म्हणून पुढे कोणतीही केबल आली तरी तिला कुठे जायचं ते ठाऊक होतं.

पत्ता ठरण्याआधी काय स्थिती होती ते आधी पाहायला हवं. १९९४ साली ॲपलने क्विकटेक १०० हा कॅमेरा आणला. ६४० बाय ४८० ठिपक्यांचे आठ फोटो काढले की त्याची स्मृती भरायची. पुढच्या वर्षी कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. मागच्या बाजूला छोटा पडदा आणि आत २ मेगाबाइट स्मृती, त्यात ९६ फोटो मावत. दोन्ही कॅमेऱ्यांतून फोटो बाहेर काढायचा रस्ता म्हणजे सीरियल केबल. त्या काळातल्या संगणकाच्या सीरियल पोर्टचा नेहमीचा कमाल वेग सेकंदाला १,१५,२०० बिट होता. त्या वेगानेही २ मेगाबाइट उतरवायला तीन मिनिटं लागतात असा साधा हिशेब आहे. पण खरी अडचण या तीन मिनिटांची नव्हतीच. प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर त्याच्या कंपनीचा प्रोग्रॅम यायचा आणि तो संगणकावर बसवल्याशिवाय आतला एकही फोटो दिसायचा नाही. कॅमेरा बदलला की प्रोग्रॅम बदलायचा. संगणक बदलला आणि प्रोग्रॅमची डिस्क हरवली, तर कॅमेरा हातात असूनही फोटो बंदिस्त राहायचे.

मोबाइलवरून पाठवलेल्या पहिल्या फोटोंपैकी एक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो फिलिप कान यांचा फोटो याच काळातला. ११ जून १९९७ या दिवशी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथल्या प्रसूतिगृहात त्यांनी आपल्या नवजात मुलीचा फोटो काढला आणि मोबाइलमार्फत लोकांना पाठवला. या घटनेकडे सहसा मोबाइलचा विजय म्हणून पाहिलं जातं. मला तिच्यात दुसरं काही दिसतं. कॅसिओचा कॅमेरा, मोटोरोलाचा फोन आणि मांडीवरचा संगणक या तीन वस्तूंची एकमेकींशी ओळखच नव्हती. ती करून देणारा प्रोग्रॅम कान यांना स्वतः लिहावा लागला. प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्या माणसालाच फोटो हलवता येतो, हीच १९९७ ची वस्तुस्थिती होती.

सुटकेची वाट कॅमेऱ्यातून बाहेर निघणाऱ्या वस्तूने दाखवली. १९९४ मध्ये कॉम्पॅक्टफ्लॅश आणि त्यानंतरच्या वर्षी स्मार्टमीडिया ही कार्डं आली. १९९७ मध्ये सोनीने माविका मालिकेतले असे कॅमेरे काढले की ज्यांत थेट फ्लॉपी घालायची. फ्लॉपी संगणकाला आधीच वाचता येत होती, त्यामुळे वेगळ्या प्रोग्रॅमची गरज उरली नाही. मात्र कार्डावर फोटो कुठे ठेवायचा आणि त्याला नाव काय द्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवलेलं होतं. ही गोंधळाची गाठ जपानच्या जेईडा या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने सोडवली. फोटोच्या आत तारीख, शटरचा वेग, कॅमेऱ्याचं नाव अशी नोंद ठेवणारी एक्झिफ ही पद्धत याच संघटनेने १९९५ मध्ये घालून दिली होती. १९९८ च्या अखेरीस तिने त्यापुढची नियमावली काढली, तिचं नाव डीसीएफ. एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात घातलं तरी फोटो दिसले पाहिजेत, असा तिचा हेतू होता. कार्डाच्या मुळाशी डीसीआयएम नावाचा फोल्डर. त्याच्या आत १०० ते ९९९ यांपैकी एक आकडा आणि पुढे पाच मोकळी अक्षरं असलेले फोल्डर. त्यांत चार मोकळी अक्षरं आणि ०००१ ते ९९९९ यांमधला क्रमांक असलेल्या फाइली. १००कॅनन, १००निकॉन, आयएमजी_०००१, डीएससी_०००१ ही आपल्या परिचयाची नावं इथून निघाली. प्रत्येक फोटोच्या पोटात १६० बाय १२० ठिपक्यांची छोटी प्रतिमाही ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावरही तो पटकन दिसेल. रंगाच्या पद्धतीवरून फाइलच्या नावात काय फरक करायचा, इथपर्यंत या नियमांचा पुढे विस्तार झाला. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या कार्डावर अधोरेषेने सुरू होणारी _डीएससी अशी नावं दिसतात, ती ॲडोब आरजीबी या रंगपद्धतीतल्या फोटोंची खूण आहे.

आकडे तीन आणि अक्षरं पाच, अक्षरं चार आणि आकडे चार. दोन्हीकडे बेरीज आठच का? कारण या नावांचं मूळ कुळ कॅमेऱ्याचंही नाही. सत्तरच्या दशकातल्या सीपीएम या संगणकप्रणालीत फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि पुढचं शेपूट तीन अक्षरांचं असे. डॉसने तीच रीत उचलली. १९९५ च्या विंडोजने लांब नावं चालवून घेतली होती, तरीही तीन वर्षांनी नियम लिहिणाऱ्यांनी मुद्दाम जुनं, तोकडं माप धरलं. कोणत्याही यंत्राला, अगदी लहानशा चिपलाही, वाचता येईल असं ते माप होतं. ज्यांना पुढे दूर जायचं असतं त्यांनी सोबत कमी सामान घ्यावं, तसा हा निर्णय. तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

यावर रास्त आक्षेप असा की फोल्डरच्या नावाला एवढं डोक्यावर घेण्याचं कारण नाही. क्रांती केली ती यूएसबीने. यूएसबीचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती आली, एप्रिल २००० मधल्या दुसऱ्या आवृत्तीने वेग सेकंदाला ४८० मेगाबिटपर्यंत नेला. इंटेलमध्ये ते काम करणाऱ्या चमूतले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, याचा आनंद गायकवाडांच्या बडोद्याशी नातं सांगणाऱ्या मराठी माणसाला वाटावा असाच आहे. पण यूएसबी हा रस्ता आहे. रस्त्याने माणूस गावापर्यंत पोचतो. घर शोधायला पत्ता लागतो. केबल जोडल्यावर आत हजारो फाइली दिसल्या आणि त्यांतले फोटो कोणते, गाण्यांची आवरणचित्रं कोणती, ॲपांचा कचरा कोणता हे कळलं नाही, तर वेगाचा उपयोग काय? यूएसबीच्या तारेची टोकं या पंचवीस वर्षांत किती वेळा बदलली ते मोजा: मिनी, मायक्रो, ॲपलची वेगळी, मग सी. फोल्डरचं नाव तेच राहिलं.

फोनला मात्र हा वारसा आपोआप मिळाला नाही, हे नोंदवायला हवं. मे १९९९ मध्ये जपानात क्योसेराचा कॅमेरा असलेला फोन आला, नोव्हेंबर २००० मध्ये शार्पचा जे-एसएच०४ आला. त्यात सुमारे एक लाख दहा हजार ठिपक्यांचा कॅमेरा होता. फोटो मेलने पाठवणं हा त्या फोनचा मुख्य उपयोग होता, संगणकावर उतरवणं दुय्यम. आपल्याकडे ज्या नोकियाने घराघरांत कॅमेरा नेला, तिच्या सिम्बियन फोनांत फोटो ‘इमेजेस’ नावाच्या फोल्डरात जात. लोक ब्लूटूथ वापरत, किंवा मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालत. २००७ मध्ये आयफोन आला तो डीसीआयएम आणि आत १००ॲपल असा कॅमेऱ्यांचा नियम पाळत. अँड्रॉइडने बाहेरचं नाव घेतलं आणि आतला नियम सैल केला. ‘कॅमेरा’ या फोल्डराला मागेपुढे आकडा नाही, फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं सगळं भरलेलं. डीसीएफच्या काटेकोर कसोटीवर हे फोल्डर नापासच होतील. तरी संगणकावरचा कोणताही फोटो-प्रोग्रॅम त्यांना ओळखतो, कारण तो डीसीआयएम हे दार पाहून आत शिरतो. नियम मोडला तरी रीत टिकली.

या कुळात पुढे एक मोठी वाटणी झाली आणि तिची झळ आजही बसते. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनला केबल लावली की त्याची साठवण पेनड्राइव्हसारखी संगणकाच्या ताब्यात जाई. एकाच साठवणीवर दोन धन्यांनी एकाच वेळी लिहिलं तर ती बिघडते, म्हणून केबल असेपर्यंत फोनला स्वतःला तिथले फोटो, गाणी उघडता येत नसत. शिवाय तो भाग विंडोजला कळेल अशाच पद्धतीने आखून वेगळा काढून ठेवावा लागे. २०११ मध्ये अँड्रॉइडने ही रीत सोडून एमटीपी धरली. हिचं मूळही कॅमेऱ्यातच आहे. २००० च्या सुमारास कॅमेरा उद्योगाने पीटीपी, म्हणजे पिक्चर ट्रान्स्फर प्रोटोकॉल, ही संभाषणाची पद्धत ठरवली होती. मायक्रोसॉफ्टने ती गाण्यांच्या यंत्रांसाठी वाढवली आणि एमटीपी झाली. हिच्यात संगणक साठवणीचा मालक नसतो, मागणारा असतो. ‘काय काय आहे?’ असं तो विचारतो, फोन यादी देतो. ‘अमुक द्या’ म्हणतो, फोन देतो. आयफोन विंडोजला जोडल्यावर फक्त फोटो दिसतात, बाकी काही नाही, त्याचं कारणही हेच: ॲपलने पीटीपीची एवढीच खिडकी उघडी ठेवली आहे.

या बदलावर नाराज असलेल्यांची बाजू खोटी नाही. एमटीपीने हजार फोटो उतरवताना मध्येच काम अडकतं, यादी यायला वेळ लागतो, मॅकवर तर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागतो. कार्ड रीडरचा सरळपणा त्यात नाही. तरीही मी या वाटणीच्या बाजूने आहे. फोनमध्ये आता बँक आहे, आधार आहे, घरातली बोलणी आहेत. अशी वस्तू सायबर कॅफेतल्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकाला जोडली की तिची सगळी साठवण त्याच्या हवाली होणं परवडणारं नव्हतं. केबल लावल्यावर फोन आधी परवानगी विचारतो, तो त्रास नाही, संरक्षण आहे.

दुसरा आक्षेप आजचा आहे आणि जास्त जड आहे. फोटो आपोआप क्लाउडवर जात असताना केबल, फोल्डर यांची कुळकथा सांगायची कशाला? त्याला उत्तर म्हणून दोन गोष्टी पुरेत. गूगल फोटोज मे २०१५ मध्ये सुरू झालं तेव्हा ठराविक दर्जाचे फोटो अमर्याद संख्येने फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून नव्या फोटोंसाठी ती सवलत बंद झाली. क्लाउडची जागा भाड्याची असते आणि भाडं घरमालक ठरवतो. दुसरं म्हणजे अशा बहुतेक सेवा प्रत ठेवण्याबरोबर जुळवणीही करतात. जुळवणी चालू असताना फोनमधून खोडलेला फोटो वरूनही जातो. घरातल्या डिस्कवर उतरवलेली फाइल तशी जात नाही. आणि व्हॉट्सॲपवरून फोटो संगणकावर घेणाऱ्यांसाठी तर हा भेद फार महत्त्वाचा आहे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आकसतो आणि त्याच्यातली एक्झिफची नोंद गळून पडते. आयएमजी, तारीख, मग डब्ल्यूए असं जे नाव उरतं, त्यातली तारीख फोटो काढल्याची असेलच असं नाही. आजीच्या पंचाहत्तरीचा फोटो दहा वर्षांनी शोधताना तो कधी काढला हे सांगणारी खूण डीसीआयएममधल्या मूळ फाइलच्या आत असते. पुढे पाठवलेल्या प्रतीत ती नसते.

या जुन्या व्यवस्थेत दोष आहेत. क्रमांक ९९९९ वर संपतो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. म्हणून अनेक वर्षांचे आयफोनचे किंवा कॅमेऱ्याचे फोटो एकाच फोल्डरात ओतले की एकाच नावाच्या दोन फाइली समोरासमोर येतात, आणि ‘बदलू का?’ या प्रश्नाला घाईत ‘हो’ म्हटलं की जुना फोटो जातो. २०१७ पासून आयफोन एचईआयसी या नव्या स्वरूपात फोटो साठवतो. जागा कमी लागते, पण जुन्या संगणकाला ते उघडता येत नाहीत. फोटोच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ आणि ‘मूळ ठेवा’ असे दोन पर्याय त्यासाठीच दिलेले आहेत. पहिला पर्याय उतरवताना फोटोचं जेपीजी करून देतो, दुसरा जसाच्या तसा देतो.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुटीत म्हणा, घरातले सगळे फोन एकेक करून संगणकाला जोडा. फोन विचारेल तेव्हा ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडा, डीसीआयएम उघडा आणि तो पूर्ण फोल्डर, आतली नावं न बदलता, वर्षाच्या आणि माणसाच्या नावाने केलेल्या वेगळ्या फोल्डरात उतरवा. दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळते का पाहा. चार-पाच फोटो संगणकावर उघडून बघा. दुसरी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि मगच फोनमधली जागा मोकळी करा.