रजेचा काळ आणि राज्यसेवेची बांधिलकी
ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांच्या खासगी व्यापाराला 1773 च्या नियामक कायद्याने आळा घालण्याचा प्रयत्न झाला आणि राज्यसेवकाची निष्ठा विभागलेली नसावी, हे तत्त्व पुढे क्रमाने रुजत गेले. 1922 मध्ये अमलात आलेल्या सरकारी सेवेच्या मूलभूत नियमांनी रजेवरील सेवकालाही पूर्वपरवानगीवाचून अन्य नोकरी निषिद्ध ठरवली. स्वातंत्र्यानंतर दिल्लीतील केंद्र सरकारने 1972 च्या रजा नियमांत हाच दंडक कायम राखला आणि अपवादात्मक प्रसंगी अशी परवानगी द्यायची झाल्यास सेवा तात्पुरती अन्यत्र वर्ग करण्याची किंवा राजीनामा मागण्याची तरतूद केली. रजेने काम थांबते, सेवासंबंध मात्र तुटत नाही. मूळ पदावरील हक्क, ज्यास धारणाधिकार म्हणतात, तो टिकतो आणि या राखलेल्या पदामागील लोकविश्वास जपणे हेच नियमाचे नैतिक अधिष्ठान होय.