आजीची आरती आणि एकवीस दिवस

२०१६च्या गणपतीत नेरूळच्या घरी आजी आरती म्हणत होती आणि मी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला. न्यू जर्सीतल्या काकाला बघता यावा म्हणून रात्री तो एका व्हिडिओ साइटवर टाकला. सकाळी मेल आली, एका म्युझिक कंपनीने दावा केलाय, काही देशांत व्हिडिओ दिसणार नाही. खिडकीबाहेर मंडळाच्या स्पीकरवर तीच आरती लागली होती, कुठल्यातरी जुन्या रेकॉर्डमधली. माझ्यासमोर पर्याय होते, हरकत घ्या किंवा तेवढा भाग म्यूट करा. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, हरकत-बिरकत घ्यायची भीती वाटली. म्यूट केलं. स्पीकरबरोबर आजीही गप्प झाली आणि सेव्ह केल्यावर मूळ आवाज परत येईना. तो फोन पुढे बिघडला. २०१९मध्ये आजी गेली. आता व्हिडिओत तिचे ओठ हलतात, टाळ्या वाजतात, ऐकू काही येत नाही.

‘सुखकर्ता दुःखहर्ता’ रामदासांची. ते १६८१मध्ये गेले, शब्दांवर कुणाचाच हक्क नाही. पण रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. ही मुदत पूर्वी ५० होती. टागोरांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, म्हणून मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. एका कवीसाठी केलेली वाढ सगळ्यांनाच लागू झाली.

या हक्कांची भांडणं इंटरनेटच्या आधीची. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने गाजलेली गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि स्वस्त कॅसेटी विकल्या. कायद्यातल्या एका सवलतीच्या आधाराने चाललेलं हे काम होतं, आणि एचएमव्हीने त्यांना कोर्टात खेचलं. २००७मध्ये हीच टी-सिरीज यूट्यूबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात उभी होती. तिकडे अमेरिकेत त्याच वर्षी व्हायकॉमने यूट्यूबवर एक अब्ज डॉलरचा दावा ठोकला. पुढे टी-सिरीजची यूट्यूबशी तडजोड झाली, आणि २०१९मध्ये तिचं चॅनेल सबस्क्रायबरच्या संख्येत जगात पहिलं आलं. (मला यात राग येण्यासारखं काही दिसत नाही. धंदा आहे.)

यूट्यूबने २००७मध्येच कंटेंट आयडी आणलं. कंपनी आपलं गाणं जमा करते, मशीन त्याचा ठसा काढतं आणि अपलोड होणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशाशी ताडून बघतं. जुळलं की मालक ठरवतो, व्हिडिओ अडवायचा, जाहिरातीचे पैसे घ्यायचे की नुसतं लक्ष ठेवायचं.

आपला कायदा यापेक्षा सावध आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ आणि त्याखालचे नियम सांगतात की लेखी तक्रार आली तर साइटने ३६ तासांत तो मजकूर रोखावा, पण तक्रारदाराने २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो परत सुरू करता येतो. म्हणजे कोर्टात जायचं ओझं कंपनीवर. डिसेंबर २०१६मध्ये मायस्पेसच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानेही साइटला नेमक्या गाण्याची माहिती असल्याशिवाय दोषी धरायला नकार दिला.

गोम अशी की मशीनने जुळवलेला दावा ही कायद्यातली लेखी तक्रारच नव्हे. तो कंपनी आणि साइट यांच्यातला खासगी करार. त्यामुळे ते एकवीस दिवस कधी सुरूच होत नाहीत. हरकत अपलोड करणाऱ्याने घ्यायची, मग यूट्यूबवर उत्तर द्यायला कंपनीला ३० दिवस, आणि हरकत कोण तपासणार? आधी तीच कंपनी.

मी आता ऐरोलीत एका विमा सॉफ्टवेअरसाठी डुप्लिकेट नोंदी शोधणारा कोड लिहितो. किती टक्के जुळलं की ‘एकच’ म्हणायचं, तो आकडा कुणीतरी माणूस ठरवतो. चुकून पकडलेल्यांतले बहुतेक तक्रार करत नाहीत, म्हणून रिपोर्टमध्ये चुका कमी दिसतात. आवाज जुळतो का, एवढंच मशीनला विचारता येतं. घरची पूजा आहे, गाणं खिडकीतून आलंय, हे विचारणारी ओळ लिहायची कशी, हे मलाही माहीत नाही.

अर्थात माणसांनाही ते कुठे जमलंय. धार्मिक विधी आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यांना कायद्यात सूट आहे. जुलै २०२३मध्ये केंद्राने ती लग्नांबाबत पुन्हा स्पष्ट केली, जानेवारी २०२४मध्ये गोवा सरकारने तसं परिपत्रक काढलं, आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केलं. शिवाय ही सूट वाजवण्याची. तोच सोहळा अपलोड केला की प्रश्न नव्याने सुरू होतो.

कंपन्यांची बाजू मी समजू शकतो. जुन्या गायक-वादकांच्या घरी यातून चार पैसे जात असतील तर जावेत. पण माझ्या व्हिडिओतली आरती कुणी विकत घेणार नव्हतं.

काकाने तो व्हिडिओ कधी पाहिलाच नाही. गेल्या वर्षी बाबांनी आरती म्हटली, तेव्हा मोबाइल हातात घेण्याआधी मी उठून खिडकी लावून घेतली.