बडोद्याचे फाळके आणि आत्याची कॅसेट

माझी आत्या लग्न होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात गेली. चवथीला मात्र ती न चुकता गोव्यात माहेरी यायची. ती वारल्यानंतर मी बडोद्याला गेलो, तेव्हा तिच्या मुलीने एक जुनी व्हिडिओ कॅसेट हाती ठेवली. आमच्या घरच्या चवथीचे तासाभराचे चित्रण. म्हणाली, "दादा, दहा मिनिटांत बसव. मुलांना आजी दिसली पाहिजे."

त्या दुपारी मी कलाभवन पाहायला गेलो. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये उभारलेली ही संस्था. दादासाहेब फाळके इथेच चित्रकला, छायाचित्रण आणि छपाईचे ठसे करायला शिकले. पुढे ते जादूचे प्रयोगही करू लागले. मित्रहो, संकलनाचे धडे मला या दोन विद्यांतच सापडले.

१९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर थोडे थोडे चित्रण करून त्याची वाढ पडद्यावर क्षणांत दाखवली. पडद्यावरचा काळ घड्याळाचा नसतो, तो आपण ठरवायचा असतो, हा पहिला धडा.

दुसरा धडा जादूचा. कॅमेरा जागचा न हलवता थांबवायचा, माणूस बाजूला करायचा, पुन्हा चालू करायचा. पडद्यावर माणूस गडप! पण चमत्काराला जे हवे, तेच घरच्या चित्रणात खटकते. मधला भाग कापताच आमची आत्या समईजवळून थेट दारात उडी मारू लागली. मग मी मध्ये माटोळीतला सुपारीचा घोस दाखवला. तेवढ्यात ती चालत गेली असेल, असे डोळा मानून घेतो.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) मूकपट. माझ्याकडे आवाज होता. आरतीचा सूर अखंड ठेवून वरची चित्रे बदलली, तेव्हा तुकडे सांधले गेले.

फाळक्यांचे हे काम घरातच चाले. फिल्मला कडेची भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाईंचा हात असे. कॅसेटमध्येही स्वयंपाकघरातला एक तुकडा होता. उजेड कमी, कॅमेरा हलतोय आणि आत्या नेवऱ्या करतेय. नियमाप्रमाणे तो कापायलाच हवा होता. त्यावर कात्री फिरवायला हात धजला नाही. दहा मिनिटांतली दीड मिनिटे तशीच ठेवली.

चित्रफीत पोचल्यावर बहिणीचा फोन आला. आरतीविषयी ती काही बोलली नाही.

"नेवरीची कड आई अशी दुमडायची," ती म्हणाली, "मी विसरलेच होते रे."