नेपोलियनच्या स्वारांचे रंग

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं पत्रें, बखरी आणि ताम्रपट आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. रंगविलेल्या कापडाचा तुकडाही साधन होऊं शकतो, हें सहसा मनांत येत नाहीं. नेपोलियनच्या घोडदळाचे पोशाख नेमके कोणत्या रंगाचे होते, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटेल. सरकारी नियम आहेत, चित्रें आहेत, पॅरिसच्या लष्करी संग्रहालयांत प्रत्यक्ष डगलेही आहेत; मग अडचण ती कोणती? आम्हांस तर असें वाटतें कीं, या तिन्ही साक्षीदारांची उलटतपासणी केल्यावांचून एकाही रंगाविषयीं निकाल देतां येणार नाहीं.

शासर नांवाच्या हलक्या स्वारांचेंच उदाहरण घेऊं. यांच्या सर्व रिसाल्यांचा डगला हिरवा. ओळख पटे ती कॉलर आणि बाहीची पट्टी यांवरून. तीन तीन रिसाल्यांच्या गटास एकेक रंग दिलेला असे. गटांतील पहिल्याची कॉलर व पट्टी दोन्ही त्या रंगाच्या, दुसऱ्याची फक्त पट्टी, तिसऱ्याची फक्त कॉलर. योजना मोठी सुटसुटीत. परंतु १३ ते १५ यांस नारिंगी, १९ ते २१ यांस पहाटेचा रंग, आणि २२ ते २४ यांस कापुसीन नांवाच्या तांबूस फुलाचा रंग! पहाट कोणत्या घटकेची घ्यावयाची? रंगाऱ्याचा हात थोडा जड पडला कीं १४ वा रिसाला २० वा होतो, आणि २० वा २३ वा.

त्यांत निळीची अडचण. १८०६ च्या नोव्हेंबरांत नेपोलियननें बर्लिनहून हुकूम काढून इंग्रजी मालास युरोपचीं बंदरें बंद केलीं. बंगालची नीळ तेव्हां लंडनच्या पेठेंतून युरोपांत जाई. टंचाई तर त्यापूर्वींच जाणवूं लागली होती. त्याच वर्षीं कांहीं पायदळ पलटणींस पांढरे डगले देऊन पाहिले व पुढल्या वर्षीं तो बेत सोडून द्यावा लागला. मग वोड या युरोपांतील झाडाकडे वळणें आलें. त्यांतही नीळच असते, पण फार थोडी. हिरवा रंग तर निळ्यावर पिवळा चढवूनच साधावयाचा. वनस्पतीचा पिवळा उजेडांत आधीं उडतो, निळा मागें राहतो. म्हणून काचेच्या कपाटांतील हिरवा डगला कालांतरानें निळसर दिसूं लागतो, आणि त्यावरून चित्र काढणारा चित्रकार प्रामाणिकपणेंच चुकतो. खरा रंग पाहावयाचा तर अस्तराखालीं, शिवणीच्या दुमडींत पाहावा. आतां धाग्याच्या कणावरून रंगद्रव्य ओळखण्याची रासायनिक रीतही आहे. तिनें रंग कशाचा तें कळतें, पहिल्या दिवशीं तो किती गडद होता तें नाहीं.

चित्रांचीही तीच गत. पॅरिसचा मार्तिने छापील चित्रें हातानें रंगवून विकी. तेव्हां एकाच चित्राच्या दोन प्रती सारख्या असतीलच असें नाहीं. हँबुर्गच्या झूर बंधूंनीं शहरांतून जाणारें सैन्य स्वतः पाहून चितारलें, म्हणून त्यांची साक्ष आम्ही अधिक मोलाची मानतों. भरंवसा सर्वांत कमी तो नियमांचा. बार्दें यानें १८१२ सालीं नवे नियम तयार केले आणि कार्ल व्हेर्ने यानें त्यांसाठीं सुरेख चित्रें काढलीं. पण तीं पुढें ठेवून रशियावर गेलेल्या स्वारांस रंगविणें म्हणजे आमंत्रणाच्या यादीवरून वऱ्हाड मोजण्यासारखें आहे. कर्णा वाजविणारांचा पोशाख तर पुष्कळदां कर्नलाच्या हौसेवर अवलंबून असे.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. २००१ सालीं लिथुएनियांतील व्हिल्नियस शहरांत बांधकामासाठीं खणतांना, १८१२ च्या हिवाळ्यांतील माघारींत मेलेल्या या सैन्याचें सामुदायिक दफन सांपडलें. माणसें तीन हजारांवर. कोणाचेंही नांव उरलें नव्हतें. बटणांवर पलटणींचे आंकडे होते, आणि हाडांपाशीं कापडाचीं चिरगुटें. ज्याचें बटण शाबूत होतें त्यास आपली पलटण परत मिळाली. ज्याचें गेलें होतें, त्याच्यासाठीं मातीनें काळवंडलेल्या धाग्याखेरीज दुसरा साक्षीदार नव्हता. २००३ सालीं ते अवशेष त्याच शहरांतील अंताकाल्निस येथील दफनभूमींत पुन्हां पुरण्यांत आले.