बंबखान्यात जायचं वय

मुंबईत आगीच्या गाडीला जुनी माणसं अजूनही ‘बंब’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज, ‘बोंबा’ म्हणजे पंप. आमच्या परळ-लालबागच्या चाळींत आंघोळीचं पाणी तापवणारा तांब्याचा बंबही असायचा, त्यामुळे लहानपणी माझा बराच गोंधळ व्हायचा.

या बंबाशी शाळकरी पोरांची ओळख करून द्यायचा काळ ठरलेला आहे. १४ ते २० एप्रिल, अग्निशमन सेवा सप्ताह. गंमत अशी, की १४ तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी आणि पुढचे दिवस परीक्षांचे. म्हणजे ज्यांनी बघायला यायचं, ती मुलं पुस्तकात डोकं घालून बसलेली.

पण ही तारीख कुणी सोय बघून निवडलेली नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. दुपारपासून बंबवाले पाणी मारत होते. आत काय भरलंय हे सगळ्यांना सांगणारा धोक्याचा लाल बावटा जहाजावर नव्हता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ६६ अग्निशामक गेले. शेकडो नागरिकही गेले. त्या जवानांना मानवंदना म्हणून देशभर हा सप्ताह पाळतात.

‘शूरवीर’ म्हणून हार घातला की आपलं काम संपतं, हे मला पटत नाही. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. इमारत कोसळली. गिरगावातून चालत जाता येईल असं हे ठिकाण. त्यात प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. आग विझवणं म्हणजे इमारत वाचणं, धूर वाचणं, कधी मागे फिरायचं ते ठरवणं. हे शिकायला वर्षं लागतात, मग सुरुवात लवकर का नको?

जर्मनीत ‘युगेंडफॉयरवेअर’, म्हणजे मुलांची अग्निशमन दलं, गावोगाव आहेत. पोरं होज जोडायला, शिडी लावायला, प्रथमोपचार करायला शिकतात. खऱ्या आगीत त्यांना पाठवत नाहीत. ही कल्पना आपल्याकडे अगदीच परकी नाही. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने चालवणाऱ्या या संस्थेने मुलांचे क्लब आणि स्काउट पथकंही उभी केली होती. परळचं दामोदर नाट्यगृह याच लीगचं. नाटकं सगळ्यांना आठवतात, ती पथकं कुणाला आठवत नाहीत.

आणि अंगात कस असलेली पोरं इथे आहेतच. दादर, लालबाग, गिरगावचे गोविंदा बघा. महिनाभर सराव, कुणाच्या खांद्यावर किती वजन याचा हिशेब, पडणाऱ्याला झेलायची सवय. पडलेच तर केईएम जवळ आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितलं, की १४ वर्षांखालच्या मुलांना थरांत घेणार नाही. म्हणजे चौदाव्या वर्षी थरावर चढता येतं, पण अग्निशमन दलाच्या भरतीसाठी मोठं होईपर्यंत थांबायचं. वयाची अट बरोबरच आहे. मधल्या वर्षांचं काय, एवढंच मी विचारतोय. निदान छातीवर दाब देऊन थांबलेलं हृदय चालू ठेवणं, रक्त थांबवणं, १०८ ला फोन लावून नेमका पत्ता सांगणं तरी शिकवता येईल. गिरगावच्या गल्ल्यांत पत्ता सांगणं हीसुद्धा कलाच आहे.

मुलींचं तर आणखी वेगळं. हर्षिनी कान्हेकर २००२ मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात गेल्या, तेव्हा तिथे शिकणाऱ्या त्या पहिल्याच मुलगी होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये दहिसरच्या मैदानात मुंबईच्या ९१० जागांसाठी भरती होती. मुलींची एवढी गर्दी झाली की गोंधळ उडाला, आणि उंचीत बसत असूनही बाहेर काढलं, असा आरोप अनेक जणींनी केला. गावोगावहून आलेल्या त्या मुली आदल्या रात्रीपासून मैदानाबाहेर रस्त्यावर बसून होत्या.